अकराची भरती

सदा, भरती अकरालाच होती.

हे सांगायला मला उशीर झाला. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तुझ्या अस्थी खाडीत सोडायला गेलो तेव्हा मला ते कळलं. बैल गेला आणि झोपा केला, असं लोक म्हणतात. मी तर बैल स्वतःच्या हाताने हाकलून दिला आणि मग झोपा करत बसलो.

वाचनालयाच्या मंडळींनी मला तुझ्यावर चार शब्द लिहायला सांगितलंय. जन्म कुठला, नोकरी कुठे, मागे कोण कोण, असलं ते असतं. ते त्यांचं त्यांनी लिहावं. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि चार लोकांना ऐकू जाईल असं बोलायचंय, कारण तुझं वाटोळं करणारं जे बोललो तेही मी चार लोकांतच बोललो होतो.

पहिल्यांदा माझ्याकडे आलास ते आठवतं का? मी सरकारी रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालो होतो, पण सवय जाईना, म्हणून रत्नागिरीतल्या घराच्या पडवीत बसून लोकांचे मोडीतले जुने कागद वाचून द्यायचो. सगळे जमिनीच्या भानगडी घेऊन यायचे. तू आलास आणि म्हणालास, "वाचून नकोय, मला शिकवा." मी विचारलं, पोफळीच्या वीजघरात उभा जन्म काढलेल्या माणसाला साठीत मोडी कशाला हवी? तू चहाचा कप खाली ठेवलास. म्हणालास, "माझ्या पणज्याने दोन खून केले असं गाव म्हणतं. केले की नाही, ते मला वाचायचंय."

इतकं सरळ आमच्याकडे कुणी बोलत नाही. मला तू तिथेच आवडलास.

ती गोष्ट तुला मी काय सांगणार, पण हे इतरही वाचतील म्हणून लिहितो. शंभरेक वर्षांपूर्वी तुमच्या गावच्या खोताचे दोन मुलगे एका पहाटे खाडीच्या धक्क्यावर मरून पडलेले सापडले. अंगावर कोयत्याचे घाव. तुझा पणजा होडीवाला, माणसं पलीकडे नेऊन सोडणारा. त्याचं खोताशी नुकतंच भांडण झालेलं. त्याला धरून नेलं आणि तो परत आलाच नाही. त्या वर्षापासून शिमग्यात ग्रामदेवीची पालखी तुमच्या दारात थांबली नाही. वाडीत प्रत्येक घरी जाते, अंगणात नाचवतात, घरची बाई ओटी भरते. तुमचं घर आलं की ढोल थांबायचा, आणि पालखी खांद्यावर घेतलेली माणसं मुकाट्याने पुढे चालायला लागायची. तुझ्या आज्याने कंटाळून मुंबई गाठली. तुझा बाप तिथे वाढला, तू तिथे वाढलास. आणि निवृत्त झाल्यावर एवढ्या मोठ्या जगात तुला घर नीट करून राहायला तेवढंच एक गाव सापडलं.

मी तुला त्यावरून किती टोचलं असेन. तू म्हणायचास, "गुरुजी, आपली देवी आपल्या दारात येत नाही, तर दुसरीकडे कुठे येणार?"

दर शिमग्याला सुमनवहिनी अंगण सारवायच्या, रांगोळी काढायच्या, सुपात नारळ आणि खण ठेवून दारात उभ्या राहायच्या. पालखी पुढे गेली की तू तो नारळ फोडायचास आणि आम्हा पाहुण्यांना खोबरं वाटायचास. "घ्या, प्रसादच आहे. फक्त देवीचा हात लागायचा राहिलाय." सगळे हसायचे. वहिनी आत जायच्या. मी दोन वर्षं ते खोबरं खाल्लं.

मोडी शिकायला तुला दोन हिवाळे लागले. अक्षर भयंकर. मी म्हणायचो, कोंबडी अंगणात फिरली तरी बरं लिहील. तू हसून पुन्हा पान गिरवायचास. मधेच एकदा भरतीचा विषय निघाला. माझा बाप अंजनवेलचा, समुद्र दारात. त्याने मला लहानपणी बोटांवर शिकवलेलं गणित मी तुला शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पंचांग असलं की झालं. तुला त्याची इतकी मौज वाटली की सरावाच्या वहीत पंधराही तिथ्या आणि त्यांच्या वेळा मोडीत लिहून काढल्यास. मुंबईच्या चाळीत वाढलेला माणूस, नदीचं पाणी तू पाइपातून खाली पडतानाच काय ते पाहिलेलं.

मग ती रोजनिशी सापडली.

रस्ता रुंद करताना खोताच्या कारकुनाचं बंद घर पाडलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात ती मिळाली. जुनं काही वाचता येणारा गावात तूच, म्हणून मजुरांनी डबा तुझ्याकडे आणून दिला. तू ती वही कपड्यात बांधून, पहिल्या एसटीने माझ्याकडे आलास. दार उघडलं तर तुझे डोळे लाल. "गुरुजी, त्याने नाही मारलं," म्हणालास, आणि माझ्या पडवीत खाली बसून रडलास. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. मी आधी चष्मा शोधला.

कारकुनाने खून झाले त्या द्वादशीचं लिहिलं होतं. आदल्या रात्री होडीवाला लग्नाची माणसं पलीकडे सोडायला गेला. ओहोटी लागली आणि होडी पलीकडच्या चिखलात रुतली. पहाटे अलीकडे धक्क्यावर दोन्ही मुलगे मेलेले सापडले, तेव्हा होडी पलीकडेच होती. खोताच्या घड्याळात अकराचा सुमार झाला, खाडी भरली, तेव्हा कुठे ती अलीकडे आली. हे सगळं आपण डोळ्यांनी पाहिलं, पण कोर्टात बोललो नाही, कारण आपण खोताचं मीठ खातो. एवढंच. खरं कुणी मारलं ते त्याने लिहिलं नव्हतं.

तू वही माझ्याकडे ठेवलीस. "नीट बघा. तुम्ही खरी म्हणालात की मग मी गावापुढे नेतो." आठ दिवस ती माझ्या टेबलावर होती. कागद जुना होता, शाई जुनी होती, वळण जुन्या कारकुनी हाताचं होतं. दुसऱ्याच दिवशी मी बोटं मोजली. बारा तिथीची पाऊणपट नऊ. नऊला खाडी भरली म्हणजे पहाटे सहाला ती निम्मी तरी भरलेली असणार. निम्म्या पाण्यात होडी खुशाल येते. मग चिखलात रुतली कशी? आणि जन्मभर खाडीकाठी राहिलेला कारकून भरती दोन तासांनी कशी चुकवेल?

गावात तोवर कुजबुज सुरू झाली होती. डबा पहिल्यांदा उघडला कुणी, सदाने. मोडी येते कुणाला, सदालाच. लिहिली असेल त्यानेच. हे माझ्याही कानावर आलं. आणि सदा, आता लपवून काय करू, तो विचार माझ्याही डोक्यात आला. खाडी ठाऊक नसलेल्या, साठीत मोडी शिकलेल्या माणसाने हे लिहिलं असेल का? त्या आठ दिवसांत तू दोनदा फोन केलास. मी म्हणालो, बघतोय. तुला सरळ विचारायला हवं होतं, बाबा रे, तू लिहिलीस का? पण विचारायचं म्हणजे तुझ्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

गावची बैठक सहाणेवर होती, शिमग्यात पालखी बसवतात त्या चौथऱ्यावर. तू मला हाताला धरून पुढे बसवलंस. तुझा सदरा नवा होता. मानकऱ्यांतले वडीलधारे तात्या म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सरकारी कागद वाचलेले. सांगा, ही वही खरी की खोटी?"

नाही सांगता येत, एवढं म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मला येत होतं ना सगळं. अक्कल पाजळायला चार लोक समोर होते. मी म्हणालो, कागद जुना आहे, पण जुने कोरे कागद मिळतात. आणि भरती जुळत नाही. मग बोटं मोजून सगळ्यांना पाऊणपट समजावली. तिथे बसलेले सगळे भातशेतीवाले, निम्मे मुंबईहून सणापुरते येणारे. खाडीत जाळी टाकणारा एकही माणूस त्या बैठकीला नव्हता. सगळ्यांनी माना डोलावल्या. "गणितच ते," कुणीतरी म्हणालं. तात्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि विषय संपला.

तू वही पुन्हा कपड्यात बांधलीस. गाठ दोनदा सुटली.

स्टँडपर्यंत तू मला सोडायला आलास. वाटेत एवढंच विचारलंस, "गुरुजी, आठ दिवस वही तुमच्याकडे होती. मला आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, "खरं ते कुठेही सांगता आलं पाहिजे." काय तोंड होतं माझं. तू मान हलवलीस आणि एसटी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिलास. चिडला असतास तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

त्यानंतर आपण भेटलो नाही. कुणाच्या तरी हाती तू कुळथाचं पीठ पाठवलंस, मी निरोप पाठवला, मिळालं. आपल्या एवढ्या सगळ्या बोलण्यातलं तेवढंच उरलं होतं. शिमग्याआधी तुझा फोन आला. "या गुरुजी. पालखी नाही आली तरी पुरणपोळी आहे." मी म्हणालो, बघू. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठीक होता. चार दिवसांनी सकाळी वहिनींच्या भाच्याचा फोन आला, की तू रात्री झोपलास तो उठलाच नाहीस.

अस्थींचा दिवस दशमीचा. भटजींनी सकाळी लवकर बोलावलं होतं. मी आपला शहाणा, निघतानाच हिशोब केला, दहाची पाऊणपट साडेसात, बरोबर भरतीला पोचू. साडेसातला धक्क्यावर उभे राहिलो तर समोर चिखल. पाणी पार मधे, बारीक धारेसारखं. भाच्याच्या हातात तुझं मडकं. मी भटजींना म्हणालो, पंचांग चुकलंय की काय तुमचं? साडेसातला भरती हवी.

शेजारी जाळं दुरुस्त करत एक म्हातारा बसला होता, रघू नावाचा. त्याने वरही बघितलं नाही. म्हणाला, "ती तिकडं समुद्रावर, गुरुजी. अंजनवेलास भरली की मग पानी आत निघतं. तवर हितं चिखलच. चढायला दोन तास लागतात. साडेनवाला बघा, धक्का बुडंल."

मी म्हटलं, "नेहमीच?"

"मग काय. खाडी हाय ती. आमचा बा सांगायचा, तिकडची पाऊणपट करा नि वर दोन तास ठेवा."

मी खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. पाणी आणलं कुणीतरी. मी बसल्या बसल्या बोटं मोजत होतो. बारा तिथीचे नऊ, वर दोन. अकरा. पहाटे सहाला ओहोटीच, धक्क्यासमोर चिखल, माणूस कमरेएवढा रुतेल असा. होडी पलीकडे. पणजा पलीकडे. साडेनऊला पाणी पायरीला लागलं, भाचा कमरेपर्यंत उतरला आणि तुला सोडलं. मी काठावरून पाहत राहिलो. त्या कारकुनाने तोंड बंद ठेवून तुझा पणजा घालवला. मी तोंड उघडून तुला घालवलं.

अरे, मी अंजनवेलचा. खाडीच्या तोंडावर वाढलो आणि आतल्या माणसांना पाण्याची वेळ सांगायला निघालो. रघूला त्या दिवशी बैठकीला बोलावलं असतं तर दोन वाक्यांत काम झालं असतं. पण खाडीकाठच्या माणसाला मोडीतलं काय कळणार, असं मलाच वाटत होतं ना.

घरी आलो तेव्हा वहिनींनी तुझा तो कपडा माझ्यापुढे ठेवला. रोजनिशी आणि तुझी सरावाची वही. "तुम्हीच ठेवा," म्हणाल्या. "मला दोन्ही वाचता येत नाहीत." मी सरावाची वही उघडली. पंधरा तिथ्या, पंधरा वेळा, तुझं ते कोंबडीचं अक्षर. बारसेपुढे नऊ. आणि त्या नऊपुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह, बाकीच्या मजकुरापेक्षा ताजं.

म्हणजे तुलाही दिसलं होतं, सदा. तूही ताडून पाहिलं होतंस, आणि जुळत नाही हे तुलाही कळलं होतं. तरी तू वही होती तशीच माझ्याकडे आणलीस. गुरुजी काहीतरी उलगडा करतील म्हणून आणलीस का? फोनवर दोनदा तेच विचारायचं होतं का? आणि माझ्या टाळक्यात एवढं साधं शिरलं नाही, की तू लिहिली असतीस तर नऊ लिहिलं असतंस. तुला ठाऊक असलेली भरती मी शिकवलेली होती. अकरा लिहायला खाडीचा माणूस लागतो. तू खोटारडा नव्हतास याचा पुरावा मीच दोन वर्षांपूर्वी तुझ्या वहीत लिहवून ठेवला होता.

मी तसाच तात्यांकडे गेलो. ओसरीवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा. रघूला विचारा म्हणालो. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गुरुजी, तेव्हा खोटी म्हणालात, आज खरी म्हणताय. उद्या आणखी काही म्हणाल."

"उद्याचं सोडा. आजचं ऐका. माझी चूक त्या घराला भोवू देऊ नका."

त्यांनी सुपारीचा अडकित्ता हातात घेतला. वाईट माणूस नाही तो. मग म्हणाले, "बघू पुढच्या वर्षी, सगळ्यांना विचारून. यंदा तर प्रश्नच नाही. घरात सुतक आहे. सुतकात पालखी कशी न्यायची? कुणाच्याच घरी नेत नाहीत."

हे सांगायला मी वहिनींकडे गेलो तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "सुतक म्हणाले?"

"हो."

"सुतकच म्हणाले? ते दुसरं काही नाही काढलं?"

"नाही. सुतक आहे म्हणून, एवढंच."

 त्यांनी पदर तोंडावर घेतला. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पालखी न येण्याचं, चार घरांना असतं तसलं कारण त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं.

धुळवडीला मी तिथेच होतो. अंगण सारवलेलं नव्हतं, रांगोळी नव्हती, सूप उतरंडीवर तसंच. वरच्या घरी ढोल वाजत होता, मग जवळ आला, आणि तुझ्या कुंपणापाशी थांबला. सुतकाच्या घरापुढे थांबवतात तो. मी कान देऊन ऐकत होतो. मागच्या दोन वर्षीही मी इथेच होतो, तेव्हाही तो इथेच थांबला होता. तीच शांतता, त्याच माणसांचे पाय. मला काही फरक कळला नाही, सदा. मी खूप प्रयत्न केला. वहिनी दाराच्या आत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, यंदा आपल्या माणसासाठी थांबवला. ह्यांना कळायला हवं होतं."

म्हणून हे लिहिलं. तुझी मुलगी डोंबिवलीहून आली आहे, वहिनींना घेऊन जाते आहे. उद्या घराला कुलूप लागेल. पुढच्या शिमग्याला मी तात्यांपुढे पुन्हा जाऊन उभा राहीन, रघूला बरोबर घेऊन. पण तात्या काय म्हणतील ते मला आत्ताच माहीत आहे. कुलूपबंद घरी पालखी नेत नाहीत. कुणाच्याच नेत नाहीत.